चिखल्यांना डायलॉग नाही

मन्नाएखेळ्ळी,
६ एप्रिल २०२५

मामा, जयभीम.

कलबुर्गीत दोन वर्षं नाटकाचा कोर्स करून घरात बसलेल्या तुमच्या भाचीला अखेर काम मिळालं. हैदराबादच्या एका कंपनीचा सिनेमा इथल्या बंद पडलेल्या लाल दगडाच्या खाणीत चाललाय. खाणीत किल्ल्याचा मोठा दरवाजा उभा केलाय. दरवाजाच्या मागं काहीच नाही, नुसत्या टेकू दिलेल्या लाकडी बल्ल्या.

माझ्याकडे चाळीस राक्षस दिलेत. राक्षस म्हणजे आसपासच्या गावांतली माणसं, रोजावर आलेली. डायरेक्टरला तेलुगू येतं, माणसांना कन्नड, मराठी आणि दखनी. त्यामुळं डायरेक्टर जे बोलेल ते मी मोठ्यानं या तिन्ही भाषांत ओरडून सांगायचं. त्यांना फोमचे कपडे आणि मुखवटे चढवायचे, रांगेत उभं करायचं, पळ म्हटलं की पळवायचं. फोन फाटकावर पोत्यात जमा करून घेतात, सिनेमा बाहेर फुटू नये म्हणून. नाही तरी तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून हे पत्र.

गोष्ट अशी आहे. पाताळाचा राजा विषकेतू चिखलातून सैनिक घडवतो. कागदावर त्यांचं नाव कर्दम आहे, पण इथं सगळे चिखल्ये म्हणतात. पाठीला कुबड, कपाळावर एकच डोळा. अंधारात त्यांना दिसतं आणि नखांनी ते खडक फोडतात. एका रात्रीत ते राजपुत्राच्या किल्ल्याखाली भुयार खणतात. दुसऱ्या दिवशी विषकेतू त्यांना किल्ल्याच्या दरवाजावर धाडतो आणि राजपुत्र एकटा चाळीस जणांना लोळवतो. एक चिखल्या वाचतो आणि हरल्याची बातमी घेऊन परत येतो. विषकेतू त्याला बुरुजावरून खाली फेकतो.

सगळी पानं सोबत पाठवलीत. तुम्ही फौजेत होता. लढाईचं कुठं चुकत असेल तर कळवा. मी डायरेक्टरला सांगेन, तेवढीच माझी छाप पडेल.

मामीला नमस्कार.
संध्या


संतपूर,
१० एप्रिल

संध्या, जयभीम.

पानं दोनदा वाचली. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग आला.

तुझा विषकेतू राक्षस न्हाई, गाढव हाय. मी बावीस वर्षं तोफखान्यात काढली. असल्या माणसाकडं मी तबेल्यातली खेचरंबी सोपवली नसती.

आता बघ. ह्या चिखल्यायला अंधारात दिसतं. खडक फोडता येतो. रात्रीतून त्यायनं किल्ल्याच्या पोटाखाली भुयार काढलं. म्हणजे लढाई जवळजवळ जिंकलीच की. आता भुयारातून वर निघायचं आणि झोपलेला किल्ला ताब्यात घ्यायचा. तर हा शहाणा काय करायलाय? भुयार तसंच सोडून त्यायला भर दुपारी मोठ्या दारावर धाडायलाय, जिथं उन्हानं त्यायच्या एकुलत्या एका डोळ्याला काही दिसत न्हाई. मग भुयार कामून खणून घेतलं? अंगाला माती लागावी म्हणून? माती तर त्यायची जन्माचीच हाय.

दुसरं. ते खातात काय? सगळी पानं उलटली, कुठं एक चूल न्हाई, एक पखाल न्हाई. राजपुत्राच्या घोड्याला हरभरा हाय, ते मात्र लिवलंय. उपाशी, तहानलेल्या, उन्हात आंधळ्या झालेल्या चाळीस जणांला मारलं, तर तुझा राजपुत्र तरी कसला वीर? एवढं तर आपल्या गावातला मोकाट पोळबी करंल.

तिसरं सगळ्यात मोठं. वाईट बातमी आणणाऱ्याला हा बुरुजावरून फेकतो. मग उद्यापासून वाईट बातमी सांगणार कोण? सगळे म्हणतील, सरकार, आपलीच जीत व्हायलीय. आणि हा बसंल मिशीला पीळ देत, शत्रू जिन्यावर येईपर्यंत.

त्याला लढाईच येत न्हाई. त्याला फक्त दुसऱ्याला मरायला लावता येतं. सांग हे तुझ्या डायरेक्टरला. छाप पडती का बघ.

मामी विचारायलीय, त्या फोमच्या कपड्यात माणसं लघवीला कशी जातात?

मामा


मन्नाएखेळ्ळी,
१५ एप्रिल

मामा, जयभीम.

मामीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जात नाहीत. कपड्याची चेन पाठीला आहे. एकाचा कपडा काढून परत चढवायला वीस मिनिटं लागतात. म्हणून सकाळी आठला चढवला की दुपारी जेवणापर्यंत काढायचा नाही, असा नियम आहे. माणसांनी त्यावर आपला उपाय काढलाय. सकाळपासून पाणीच पीत नाहीत. इथं पारा एक्केचाळीसवर आहे.

काल जयंतीची सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. माझ्यासारखे आणखी अकरा जण होते. मॅनेजर म्हणाला, राक्षसांना कसली जयंती.

तुमची तिन्ही कलमं मी डायरेक्टरला सांगितली. भुयाराचं ऐकून तो म्हणाला, भुयारात कॅमेरा मावत नाही. जेवणाचं ऐकून म्हणाला, ते चिखलाचे आहेत, त्यांना काय भूक. तिसरं मी सांगितलंच नाही. त्याची तोंडाकडं बघायची तऱ्हा बघून वाटलं, तेच माझ्यावर उलटेल.

विषकेतूचं काम करणारे म्हातारे नट मात्र चांगले आहेत. विजयवाड्याचे. डोक्यावर अकरा किलोचा मुकुट असतो, तरी येता-जाता चिखल्यांना नमस्कार करतात. राजपुत्र गाडीतून उतरत नाही.

एक सांगायचं राहिलं. माझ्या चाळिसांत दुबलगुंडीचे मल्लप्पा म्हणून आहेत. पन्नाशीचे. याच खाणीत त्यांनी सव्वीस वर्षं दगड काढला. कालचीच, सोमवारची गोष्ट. उद्यापासून माणसांना खाणीच्या वरच्या कडेवरून पळवायचं ठरलं, खालून कॅमेरा लावून. मल्लप्पा कडेजवळ गेले, टाचेनं दोन ठिकाणी ठोकून पाहिलं आणि मला म्हणाले, "अक्का, ही कड आतून पोकळ आहे. बसती ही. वरून पळवू नका, खालच्या टप्प्यावरून पळवा, तिथं पक्का दगड आहे."

मी ते डायरेक्टरला सांगितलं. तो कॅमेऱ्यातून डोळासुद्धा न काढता म्हणाला, "चिखल्यांना डायलॉग नाही." सगळे हसले. खरं सांगते मामा, वाक्य बरं जमलं होतं. मीही हसले.

संध्या


संतपूर,
१८ एप्रिल

संध्या,

सगळं पत्र सोड. एकच सांग. त्या मल्लप्पाचं ऐकलं का न्हाई?

सव्वीस वर्षं ज्यानं ती खाण खाल्ली, त्याला तुम्ही कुबड लावून पळवायलात. अन् ज्यानं ती खाण पंधरा दिवसांपूर्वी पाहिली, तो कड कुठली चांगली ते ठरवायलाय. डायरेक्टर विषकेतूची गोष्ट सांगायलाय का त्याचीच जागा चालवायलाय, हे मला इथून कळंना.

तू हसलीस ते मला आवडलं न्हाई. माणसांला खालून पळव. न्हाई ऐकलं तर तू ओरडू नकोस. तुझ्या ओरडण्यावर ते पळतात, एवढं ध्यानात ठेव.

लगेच लिही.

मामा


मन्नाएखेळ्ळी,
२४ एप्रिल

मामा, जयभीम.

उशीर झाला. कामाची गडबड होती. इथं सगळं ठीक आहे. तुम्ही उगीच काळजी करता. कडेवरचा भाग उरकला, आता दरवाजासमोरची लढाई चालू आहे. अडतीस माणसांचे कपडे चढवून मी आत्ताच तंबूत येऊन बसले.

चांगली बातमी अशी की कंपनीला माझं काम आवडलं. पुढच्या महिन्यात हैदराबादला दुसरी असिस्टंट म्हणून बोलावलंय, तसं पत्र दिलंय. राहायला खोली देणार आहेत. आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. गल्लीत सगळ्यांना सांगत फिरतेय.

बाकी सगळं ठीक. मामीच्या गुडघ्याचं कसं आहे?

संध्या


संतपूर,
२७ एप्रिल

संध्या,

पहिल्या पत्रात चाळीस होते.

मामीचा गुडघा जसा होता तसाच हाय. दोघं कुठं गेले?

मामा


मन्नाएखेळ्ळी,
१ मे

मामा,

मोजत बसता ना तुम्ही. बरं. मग ऐका.

एकोणीस तारखेला, शनिवारी दुपारी बारा वाजता, तीनदा पळवून झाल्यावर चौथ्यांदा पळवलं. वरच्या कडेवरूनच. डायरेक्टर खालून बोलला, मी भोंग्यावरून ओरडले. कड बसली. पुढच्या रांगेतले ग्यानबा तिच्याबरोबर खाली आले आणि एक चिरा त्यांच्या उजव्या पायावर आला. ग्यानबा इथलेच, मन्नाएखेळ्ळीचे.

डायरेक्टर म्हणाला, कॅमेरा बंद करू नका.

धूळ इतकी की खाली कोण अडकलंय तेच कळेना. सगळ्यांचे मुखवटे सारखे. आम्ही मोठे मोठे लोक नुसते इकडून तिकडं धावत होतो. मल्लप्पांनी आपला मुखवटा ओढून काढला, कन्नडमध्ये एकदाच मोठ्यानं बोलले आणि सगळे चिखल्ये जागेवर थांबले. काहींनी हातातले भाले चिऱ्याखाली घातले. ते फायबरचे, मोडले. मग मल्लप्पांनी किल्ल्याच्या दरवाजामागच्या बल्ल्या उपसायला लावल्या. दहा जण एका बाजूला, दोघं ग्यानबाच्या डोक्याशी, एक जण सावली धरायला. "निधान, निधान," म्हणजे सावकाश, सावकाश, म्हणत त्यांनी तो चिरा बोटबोट उचलला. अकरा मिनिटांत माणूस बाहेर. एकाचाही पाय घसरला नाही. मामा, इतके दिवस मी या माणसांना नुसतं पळवत होते. त्यांना काय येतं ते मला त्या अकरा मिनिटांत कळलं.

ॲम्ब्युलन्स ठेवलेलीच नव्हती. विषकेतू झालेल्या म्हाताऱ्या नटांनी आपली गाडी दिली, मुकुटासकट पुढं बसून बिदरच्या दवाखान्यापर्यंत गेले.

संध्याकाळी मॅनेजरनं एक कागद आणला. ग्यानबा सुट्टीच्या वेळेत, कुणी सांगितलेलं नसताना, आपल्या मनानं कडेवर चढले, असं त्यात होतं. माणसं माझ्याकडे, म्हणून साक्षीदार मी. मी सही केली. त्याच कागदाखाली हैदराबादचं पत्र होतं. दुसऱ्या दिवशी मल्लप्पांना फाटकावरूनच परत पाठवलं. म्हणून अडतीस. झालं समाधान?

आता मला काय म्हणायचं ते मला माहीत आहे. पण तुम्ही म्हणू नका. तुम्ही बावीस वर्षं येस सर करून पेन्शनीवर आलात. लढाईत कान गेले म्हणून गावात तुम्हाला खुर्ची मिळते, पंधरा ऑगस्टला हार मिळतो. मला आयुष्यात एक दार उघडलंय. ते धरून उभं राहायला कुणी नाही माझ्यामागं. संतपूरच्या ओट्यावर बसून राक्षसांच्या राजाला शिव्या देणं सोपं असतं.

संध्या


संतपूर,
५ मे

संध्या, जयभीम.

पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तुझ्या मामीला दाखवलं न्हाई. हे पत्रबी तिला दाखवणार न्हाई.

माझे कान लढाईत गेले न्हाईत. गावानं तसं धरलं आणि मी कधी न्हाई म्हणलं न्हाई.

सरावाच्या मैदानावर एक मोठे पाहुणे येणार होते. कानात घालायच्या बोंडांची पेटी मागच्या गाडीत राहिली होती. गाडी यायला तास होता, पाहुण्याला घाई होती. आमचा साहेब आवाज चढवून बोलणारा न्हवता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणला, राजपाल, चालू कर. आणि मी ओरडलो. तोफेवर सहा पोरं होती, माझ्याहून लहान. एकानं आपल्या कानाकडं बोट दाखवलं. मी त्याला आईवरून शिवी दिली. पाठोपाठ तीस गोळे टाकले. पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या, त्या मला दिसल्या, ऐकू आल्या न्हाईत.

माझे दोन्ही कान गेले. त्या पोरांतल्या दोघांचे एकेक. चौकशी झाली. बोंडं वाटली होती, पोरांनीच घातली न्हाईत, असा कागद झाला. सही माझी. मी नायकाच्या हुद्द्यावर होतो, तीन महिन्यांत हवालदार झालो. गावात तुम्ही सगळे मला हवालदार मामा म्हणता, तो हवालदार असा झालाय.

तुझ्या विषकेतूला मी गाढव म्हणलं. इतक्या वर्षांनी त्या साहेबाला शिव्या द्यायला मला जागा सापडली, म्हणून मला चेव आला होता. पण साहेब एकटा काय करणार? तो तर हळू बोलतो. त्याच्या बाजूला उभं राहून मोठ्यानं ओरडणारा एक लागतो. तो चिखल्यांतलाच असतो, त्यांचीच भाषा बोलतो, म्हणून ते पळतात. तुझ्या त्या सगळ्या पानांत त्याचं नाव न्हाई. मी शोधलं. असल्या गोष्टीत त्याचं नाव कुणी लिवतच न्हाई, कारण लिवणाराबी बहुतेक तोच असतो.

त्या दोन पोरांतला एक वारला. दुसरा निलंग्याकडं असतो. चौतीस वर्षं झाली, दोन तासांचा रस्ता, मी गेलेलो न्हाई.

सही मागं घे असं मी सांगणार न्हाई. हुकूम द्यायचं काम माझ्याकडून एकदा झालं तेवढं पुरे. फक्त ते हैदराबादचं पत्र घेऊन गेल्यावर लोक तुला काय म्हणून हाक मारतील, ते आत्ताच ऐकून ठेव. मला आजपण तेवढंच ऐकू येतं.

मामा


बिदर,
१४ मे

मामा, जयभीम.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी काही मी उठून गेले नाही. तीन दिवस अडतीस माणसांना पळवलं. चौथ्या दिवशी भोंगा तोंडाला लावला आणि आवाज निघाला नाही. घसा बसला असेल म्हणून मॅनेजरनं खडीसाखर दिली. मी ती घेऊन बसस्टँडवर आले.

ग्यानबांचा पाय वाचलाय. सळई घातलीय. लंगडतील, डोक्यावर ओझं घेता येणार नाही म्हणतात. त्यांच्या बायकोनं, शकुबाईंनी, मला ओळखलं. स्टूल पुढं सरकवलं आणि बाहेर जाऊन बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ग्यानबांनी विचारलं, "अक्का, मी फिल्ममदी दिसतो का?" कसं सांगू त्यांना. कड कोसळते तो तुकडा डायरेक्टरनं ठेवलाय. फार खरा आलाय म्हणून सगळ्यांना दाखवत होता. ग्यानबा त्यात आहेत. मुखवट्यामुळं कुणालाही कळणार नाही.

दुबलगुंडीला जाऊन मल्लप्पांना भेटले. मी काय करणार ते सांगितलं. ते म्हणाले, "एकटी जाऊ नको." त्यांनीच गावोगाव निरोप धाडले. अडतीसपैकी एकोणीस आले. उरलेले कामावर गेले. त्यांना मी काय बोलणार, गेल्या आठवड्यापर्यंत मीही गेले होते.

पोलीस ठाण्यात साहेबांनी आधी बसवून ठेवलं. सही तुझी, तारीख तुझी, आता खोटं म्हणतेस, मग तेव्हा कोण खोटं बोललं, असं विचारलं. मी म्हणाले, मी. तेही लिहा. एकोणीस माणसं दारात उभी होती, म्हणून असेल, त्यांनी लिहून घेतलं. जबाब कन्नडमध्ये झाला. पुढं चौकशी होईल म्हणाले. काय होईल ते मला माहीत नाही. खोटी सही केली म्हणून माझ्यावरही काही येऊ शकतं.

कंपनीचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला. हैदराबादचं रद्द. उरलेली लढाई आता काँप्युटरवर करणार आहेत. तिथले चिखल्ये पाणी मागत नाहीत आणि कड पोकळ आहे म्हणून सांगत नाहीत. डायरेक्टरला अखेर हवे तसे सैनिक मिळाले. आई अजून बोलत नाही माझ्याशी.

मामा, निलंग्याला जायचं असेल तर मी मोकळी आहे. तुम्ही बोला, ते काय म्हणतील ते मी तुम्हाला लिहून दाखवेन.

सही करायच्या आधी मी जबाब सगळ्यांना मराठीत वाचून दाखवला. कड पोकळ असल्याचं मल्लप्पांनी मला सोमवारी सांगितलं होतं, हे वाक्य आलं तेव्हा मल्लप्पांनी हात वर केला.

"अक्का, एकदा न्हाई. दोनदा सांगितलं होतं मी. दुसऱ्यांदा त्याच शनिवारी, चौथ्यांदा पळायच्या आधी. तू पाणी पीत होतीस. मान हलवलीस."

मी खूप आठवून पाहिलं. मला आठवलं नाही. साहेबांना सांगून 'दोनदा' लिहून घेतलं आणि मग सही केली.

संध्या